हेल्मेटवरचा प्रेक्षक

कोल्हापुरात हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल साधारण दोन मतं ऐकू येतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, ही सगळी रीलबाजी, यात पोरं हातपाय मोडून घेणार. राइडला जाणारी पोरं म्हणतात, ‘भावा, कॅमेरा असला की पुरावा असतोय. उद्या कुणी धडकलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे की.’ एका मतात काळजी आहे, दुसऱ्यात व्यवहार. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. कॅमेरा म्हणजे समोरचं जसंच्या तसं टिपणारी मुकी डबी. तिचा वापर चांगला की वाईट, एवढंच काय ते चालवणाऱ्याच्या हातात. ही समजूत मला उथळ वाटते.

माझं म्हणणं असं की हेल्मेटवर चढलेला कॅमेरा आधी प्रेक्षक असतो. साक्षीदार तो फार नंतर होतो, आणि तेही चालवणाऱ्याने मुद्दाम शिस्त पाळली तरच. प्रेक्षकाला रंजक तेवढंच हवं असतं. साक्षीदाराला कंटाळवाण्या तपशिलासकट सगळं सांगावं लागतं. एकाच डबीकडून ही दोन्ही कामं आपण मागतो आणि कोणतं काम वरचढ ठरतंय याकडे लक्ष देत नाही. त्यामुळे ‘राइड चित्रित करावी का’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘कोणासाठी’ हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गाडी सुरू करण्याआधी ठरवावं लागतं. हे म्हणणं पाच टप्प्यांत मांडतो, मग आक्षेपांकडे वळतो.

१. भिंग काय गाळतं

कॅमेरा म्हणजे मांडणी, हे निदान कोल्हापूरला तरी समजावून सांगावं लागू नये. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवायला घेतला. १९१६मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकाऱ्यांना घेऊन तो पुरा केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पडद्यावर आला, तेव्हा त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्या काळाची आठवण आहे. पडद्यावर खरं वाटणारं कुणीतरी जुळवून आणलेलं असतं, हा धडा इथे शंभर वर्षांपूर्वीच गिरवून झालाय. फरक इतकाच की हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातली जुळवाजुळव कारखान्यातच झालेली असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

पहिली जुळवाजुळव भिंगाची. ही भिंगं फार रुंद कोनाची असतात. अशा भिंगात मधली वस्तू आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते, तर कडेची झाडं ताणली जाऊन सपासप मागे पळतात. म्हणजे वेग वाढल्याचा भास होतो आणि पुढच्या ट्रकपर्यंतचं अंतरही भरपूर असल्याचा भास होतो. आंबा घाटातली ओव्हरटेक दुसऱ्याच्या व्हिडिओत पाहून शिकणारा मुलगा नेमकं चुकीचं अंतर डोक्यात घेऊन घाटात उतरतो.

दुसरी जुळवाजुळव धक्क्यांची. कॅमेऱ्यातला जायरो प्रत्येक हादरा मोजतो, सॉफ्टवेअर चौकट तेवढीच उलट दिशेला सरकवतं आणि कडा कापून टाकतं. चित्र लोण्यासारखं मऊ येतं. क्षितिज स्थिर ठेवण्याची सोय चालू असेल तर गाडी वळणावर किती कलली तेही कळत नाही. परिणाम बघा: ज्या खड्ड्याने चालवणाऱ्याच्या मणक्याला हिसका दिला, तो खड्डा चित्रणातून जवळपास नाहीसा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. अशी भरपाई मागायची तर खड्डा होता, त्याच जागी होता, त्यानेच गाडी पडली, हे दाखवावं लागेल. आणि आपण तर तो खड्डा गुळगुळीत करणारी सोय जास्तीचे पैसे मोजून घेतो.

तिसरी गोष्ट अंधाराची. कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगामात दुचाकीवाल्याला सगळ्यात जास्त भीती कशाची असते, हे इथल्या कुणालाही विचारा. दिवेलागणीनंतर सरळ रस्त्यावर उसाने गच्च भरलेली, मागे लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर निघून गेलेली किंवा चिखलाने माखलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असतो आणि ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत काळ्यावर काळी राहते. कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. डोळ्याला जे दिसलं नाही ते त्यालाही दिसत नाही. झोतात तो आणखी दिपतो. जिथे साक्षीची खरी गरज, तिथेच हा साक्षीदार आंधळा.

२. बटण कधी दाबलं जातं

दुसरा टप्पा वेळेचा. उच्च दर्जाचं फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने साठवलं तर तासाला ४५ जीबी जागा खातं. ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत भरतं, आणि बॅटरीही साधारण तितकाच वेळ साथ देते. कोल्हापूर ते गोवा हा दिवसभराचा रस्ता. सगळा टिपणं शक्य नसतं, म्हणून निवड करावी लागते. मग ठरून गेल्यासारखं होतं: गगनबावडा आला, करूळची उतरण सुरू होणार, की बटण दाबायचं, घाट संपला की बंद.

या निवडीचा अर्थ नीट पाहायला हवा. जिथे ‘काहीतरी होणार’ असं वाटतं तिथे कॅमेरा चालू असतो. अपघात मात्र जिथे काही होणार नाही असं वाटतं तिथेही होतात: तावडे हॉटेलच्या चौकात, शिरोलीच्या सर्व्हिस रोडवर, घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. पुराव्यासाठी कॅमेरा घेतला म्हणणाऱ्याने स्वतःचं कार्ड उघडून पाहावं. शाहूपुरी, दसरा चौक, रंकाळा या रोजच्या फेऱ्या त्यात किती आणि घाट किती? घाटच घाट असतील तर कॅमेरा कशासाठी घेतला, हे कार्डच सांगेल.

उरलेलं काम पुसण्यात होतं. कार्ड भरलं की साधं ते आधी जातं आणि भारी ते राहतं. एका वर्षाने त्या माणसाकडे स्वतःच्या चालवण्याची जी नोंद उरते, तिच्यात तो कायम वळणावर असतो, कायम पुढे जात असतो, एकदाही ट्रकमागे वीस मिनिटं मुकाट थांबलेला नसतो. ती पाहून आपण कसे चालवतो याबद्दल त्याचं जे मत बनतं, तेही तितकंच निवडक असतं.

३. बघणारे आले की चालवणं बदलतं

इथे युक्तिवादाचा गाभा आहे. प्रेक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एका चाकावर उभी गाडी येते. तशीही उदाहरणं आहेत. मे २०२३मध्ये यमुना एक्स्प्रेस-वेवर ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठण्याच्या नादात डेहराडूनच्या एका तरुण यूट्यूबरचा जीव गेला. त्याच वर्षी कांचीपुरमजवळ चेन्नई–बंगळुरू महामार्गावर चाक उचलताना पडलेल्या टीटीएफ वासन या तमिळ यूट्यूबरचा परवाना दहा वर्षांसाठी निलंबित झाला. पण ही टोकं आहेत आणि त्यांचा तोटा असा की ती पाहून बाकीचे सगळे निश्चिंत होतात: आपण काय तसले नाही.

बघणाऱ्याचा खरा परिणाम बारीक आणि रोजचा असतो. कॅमेरा चालू आहे का हे चाचपायला हात हेल्मेटकडे जातो. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. माइकवर बोलताना वाक्य पुरं करायचं असतं, म्हणून ब्रेक अर्धा क्षण उशिरा लागतो. दरी नीट दिसावी म्हणून मान वळते. मान वळली की नजर वळते, आणि दुचाकी नजरेमागे जाते. ‘इथनं शॉट भारी येतोय’ म्हणून गाडी डाव्या कडेऐवजी मधल्या पट्ट्याला लागते. यातली एकही गोष्ट स्टंट नाही, कलमाखाली बसेल असा गुन्हाही नाही. मात्र प्रत्येक वेळी गाडीवरचा निर्णय रस्त्यासाठी न होता चित्रासाठी होतो.

कॅमेरा असला की माणूस सावध होतो, असं काही जण म्हणतात. होतो, पण कोण बघणार आहे त्यावर ते अवलंबून असतं. चित्रण आई बघणार असेल तर तो सावकाश जाईल. अनोळखी दहा हजार लोक बघणार असतील आणि त्यांनी गेल्या वेळी जोरात मारलेल्या वळणालाच दाद दिली असेल, तर तोच माणूस त्याच वळणावर वेगळा वागेल. कोल्हापूरला नादाचं कौतुक आहे आणि ते असावंही. पण तालमीतला पोरगा वस्तादाच्या नजरेखाली घाम गाळतो. त्या नजरेला चूक कळते आणि ती चूक बोलून दाखवते. पडद्यावर अंगठा फिरवणाऱ्याला चूक कळत नाही, त्याला फक्त कंटाळा कळतो.

४. चित्र आणि पुरावा यांतलं अंतर

‘पुरावा असतोय’ या भरवशाची कायद्याच्या बाजूने तपासणी करू. डिजिटल चित्रण न्यायालयात नुसतं दाखवून चालत नाही. याचा सर्वांत ठळक निकाल मराठी मातीतलाच आहे: २०१४च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून झालेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचं होतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य; मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये ही अट आणखी काटेकोर झाली. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. शिवाय त्यात फाइलचा हॅश, म्हणजे अंकांतला ठसा, नोंदवावा लागतो. फाइलमध्ये एक क्षण जरी कापला तरी हा ठसा बदलतो.

आता राइडनंतर काय होतं ते आठवा. चित्रण मोबाइलवर घेतलं जातं, तुकडे पडतात, गाणं चढतं, कधी वेग वाढवला जातो, आणि कार्ड पुढच्या रविवारसाठी रिकामं होतं. मूळ फाइल गेलेली असते. अपघाताचा भरपाईचा दावा महिनोन्‌महिने चालतो. कार्डाचं आयुष्य एका आठवड्याचं. प्रेक्षकाला जे दिलं त्यातून साक्षीदार परत उभा करता येत नाही.

दुसरी बाजू त्याहून अडचणीची. कॅमेरा फक्त समोरच्याविरुद्ध बोलत नाही. सेकंदाला ३० चौकटी घेणाऱ्या चित्रणात ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी दोन चौकटींच्या मध्ये सुमारे ५५ सेंटिमीटर सरकते. रस्त्यावरच्या दोन ठरावीक खुणांमधल्या चौकटी मोजल्या की वेग निघतो, मग स्पीडोमीटर दिसो वा न दिसो. कित्येक कॅमेरे तर जीपीएसचा वेग स्वतःच नोंदवून ठेवतात. भरपाईच्या दाव्यात जखमीचाही निष्काळजीपणा दिसला तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. तपास अधिकारी गाडीप्रमाणेच कॅमेराही जप्त करू शकतो. म्हणजे पुराव्यासाठी कॅमेरा लावणाऱ्याने आधी एक गोष्ट कबूल करायला हवी: ही साक्ष माझीही होणार. जो हे कबूल करतो त्याचं चालवणं खरोखर सुधारेल. मात्र तसं कबूल करून कॅमेरा विकत घेणारे फार थोडे.

५. हेल्मेटचं मूळ काम

हेल्मेटचं बाहेरचं कवच गोल आणि गुळगुळीत असतं ते दिसण्यासाठी नव्हे. डोकं रस्त्यावर आदळलं की त्याने घसरत जावं, अडकू नये. अडकलं तर मान आणि मेंदू यांना पीळ बसतो. कवचाआतला फेस स्वतः दबून धक्का पितो. अशा कवचावर बोटभर उंचीचा टणक ठोकळा बसवला, किंवा स्क्रूसाठी भोक पाडलं, की आयएसआय खुणेमागे जी चाचणी असते ती त्या हेल्मेटला लागू राहत नाही. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला मनाई करून हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबनाचा इशारा दिला, तो याच कारणावरून. युरोपच्या २२.०६ या नव्या हेल्मेट मानकात जोडसाधनांचाही विचार केलेला आहे.

शास्त्रीय बाजूने सगळं पक्कं झालंय असा दावा मी करणार नाही. डिसेंबर २०१३मध्ये फ्रान्समधल्या मेरिबेल इथे स्कीइंग करताना फॉर्म्युला वन चालक मायकेल शूमाकर पडला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली, ठाम निष्कर्ष निघाला नाही. उलट त्याच चित्रणामुळे अतिवेग हे अपघाताचं कारण नव्हतं, हे तपासात पुढे आलं. एकाच डबीवर दोन्ही गोष्टी आल्या: संशय आणि खुलासा. म्हणून सरसकट बंदीपेक्षा जागा बदलणं शहाणपणाचं. छातीवरचा पट्टा किंवा हँडलवरची पकड डोक्याला हात लावत नाही. या जागांवरून मान वळल्याबरोबर चौकट वळत नाही, चित्र कमी ‘भारी’ येतं. साक्षीसाठी ते पुरेसं असतं.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: एकट्याने रात्री गाडीवरून येणाऱ्या बाईला कॅमेऱ्याचा आधार वाटतो, तो काढून घ्यायचा का? अजिबात नाही. दिसणारा कॅमेरा छेड काढणाऱ्याला रोखतो आणि नाही रोखलं तर नोंद ठेवतो. पण हे पूर्णपणे साक्षीदाराचं काम आहे. त्यासाठी एकही क्षण लोकांपुढे टाकावा लागत नाही. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो.

दुसरा: सगळ्या अपघातांचं खापर ‘अतिवेगा’वर फोडलं जातं, कॅमेराच खरं कारण सांगेल. यात तथ्य आहे. केंद्र सरकारच्या २०२२च्या अहवालात देशातल्या १,६८,४९१ रस्ते-मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या रकान्यात आहेत. सगळ्यांचं कारण खरंच तेवढंच असेल का, अशी शंका बिनदिव्याची ट्रॉली पाहिलेल्या माणसाला येणारच. पण हा रकाना बदलायचा तर सबंध, न कापलेलं, तारीख-वेळ बरोबर असलेलं चित्रण लागेल. रील लावून रकाना बदलत नाही.

तिसरा: या व्हिडिओंमुळे आपले घाट, दाजीपूरचं जंगल, पन्हाळा जगाला दिसतो, पर्यटन वाढतं. वाढू दे. पण निसर्ग दाखवायला गाडी चालती असण्याची गरज काय? गाडी कडेला लावून, पाय जमिनीवर टेकवून घेतलेलं चित्र जास्त चांगलं येतं.

चौथा आक्षेप कुणी सहसा घेत नाही, म्हणून मीच घेतो. चित्रणात येणाऱ्या इतरांचं काय? पंचगंगेच्या घाटावर अंघोळ करणारी माणसं, शाळेतून सुटलेली मुलं, अपघातात रस्त्यावर पडलेला जखमी, यांना कुणी विचारलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तो सार्वजनिक रस्त्यावर पाय ठेवताच पूर्ण संपतो असं मानायचं कारण नाही. जखमीच्या बाबतीत तर प्रश्नच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलंय. चित्रण पोलिसांना द्यावं, जखमीला सीपीआर रुग्णालयात पोचवावं; बाकी कुणालाही ते दिसायचं कारण नाही.

मग करावं काय

वरच्या मांडणीतून काही नियम आपसूक निघतात. राइडला जाणाऱ्या एखाद्या ग्रुपने ते स्वतःहून स्वीकारले तर पोलिसांच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

एक, कॅमेरा घरातून निघताना चालू करायचा आणि गाडी थांबवून बॅटरी बदलण्यापुरतं सोडलं तर पोचेपर्यंत हात लावायचा नाही. त्यासाठी चित्राचा दर्जा उतरवावा लागला तरी चालेल. जरा लांबची नंबर प्लेट पुसट होईल, पण सलगता चकचकीतपणापेक्षा मोलाची.

दोन, धक्के गिळणारी आणि क्षितिज सरळ करणारी सोय बंद. चित्र हलू दे. रस्ता हलवतो म्हणूनच हलतंय.

तीन, कॅमेरा डोक्यावर नको, छातीवर किंवा हँडलवर.

चार, काही घडलं तर कार्ड काढून बाजूला ठेवायचं. त्यातलं काही कापायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही.

पाच, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: राइडचं काहीही महिनाभर लोकांपुढे टाकायचं नाही. मिळणारी दाद महिनाभर लांबली की वळणावरचा तो अदृश्य प्रेक्षक उठून जातो.

शहरासाठीही यात काम आहे. सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांच्या कामावरून आणि त्यावरच्या टोलवरून कोल्हापूरने वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि टोल घालवला. कामाचा दर्जा हा त्यातला कळीचा मुद्दा होता. एकाच रस्त्याचं पावसाआधीचं आणि पावसानंतरचं, तारखेसकट, न कापलेलं चित्रण शंभर दुचाकीस्वारांकडे असेल, तर पुढच्या वादात घोषणांच्या जोडीला मोजमापही असेल. अशा चित्रणाला लाइक मिळणार नाही. ठेकेदाराला मात्र त्याचं उत्तर द्यावं लागेल.

कॅमेरा घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. घेणाऱ्याने फक्त एवढं स्वतःला विचारावं: काहीच न घडलेल्या, कुणीही न बघणाऱ्या प्रवासाचं चित्रण जपून ठेवायची माझी तयारी आहे का? असेल, तर तो कॅमेरा एक दिवस खरंच कामाला येईल. नसेल, तर पुराव्याचं नाव पुढे करू नये. आपल्याला बघणारे हवेत, हे सरळ मान्य करावं आणि त्यांची किंमत कुठल्या वळणावर मोजावी लागेल, तेही आधीच पाहून घ्यावं.